लाल फडक्याखालची हिरवी खूण

“आधी फोटोंची दुसरीकडे कॉपी काढ गं, मग डिस्कचं काय ते कर,” शेजारचे निवृत्त मास्तर तात्या तीनदा म्हणाले होते. काढू की रविवारी, असं म्हणत निवेदितानं ते कानाआड केलं. आणि आज ती कडावला नवीननाथबाबांच्या मांडवात उभी होती. कडेवर चार वर्षांची रिया, पर्समध्ये हार्ड डिस्क, आणि हट्टानं सोबत आलेले तात्या.

डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची. तिच्यावर नवं विंडोज चढेना. मांडणी बदलायची तर सगळं पुसावं लागेल, असं नेरळच्या दुकानदारानं सांगितलेलं. पुसायचं? जन्मल्यावर रिया बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. ते फोटो या डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नाही.

मांडवात ही गर्दी! कुणी अख्खा कॉम्प्युटर टेंपोत घालून आणलेला, हळदीकुंकू लावून.

“बाबा न पुसता मांडणी पालटतात गं,” रांगेत भेटलेली आळीतली जयवंताकाकी म्हणाली. “आमच्या किरणचा एक फोटू गेला नाय!”

“आणि आपल्या आळीतल्या ललिताचे?” निवेदितानं विचारलं.

“तिनं शिवाशिव पाळली नाय. बाबाच म्हणाले. वारलेल्या आईचे सगळे व्हिडिओ गेले. आता घराभाईर पडत नाय ती.”

निवेदितानं पर्स पुढे ओढून घेतली.

“कॉपी काढलेल्यांनी परत जावं!” बाबा गरजले. “शंका घेतली की डिस्क रुसते!”

रांगेत पुढे असलेल्या म्हाताऱ्या आबाजींची डिस्क बाबांनी कॉम्प्युटरला जोडली. पुढचा नंबर निवेदिताचा. बाबांनी पडद्यावर लाल फडकं टाकलं, लिंबू ओवाळलं, आरती सुरू केली. रिया कडेवरून सटकली आणि थेट फडक्याखाली शिरली.

“आई, झालं! हिरवी खूण आली!”

आरती अजून पहिल्याच कडव्यात होती.

“पोरीला आवरा! शक्ती उतरतेय!”

“शक्तीला वेळ लागतो वाटतं,” तात्या म्हणाले. “कॉम्प्युटरचं तर उरकलं.” मांडवात खसखस पिकली. “आबाजी, तुमचा सातबारा वहीतून कॉम्प्युटरवर गेला, तेव्हा शेतातला भात हलला?”

“छ्या! कशाला हलंल?”

“डिस्कचंही तसंच. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, याची एक यादी असते. हा साधा प्रोग्राम तेवढी यादी नव्या पद्धतीनं लिहितो. फोटो जागचे हलत नाहीत. मिनिटभराचं काम!”

“मंग ललिताचं कसं गेलं रं मास्तर?” जयवंताकाकीनं विचारलं.

“यादी अर्धी लिहून झाली असताना लाइट गेली तर?”

काकी हळूच म्हणाली, “गेलेली. त्याच दिवशी.”

बाबा लिंबं गोळा करायला लागले. निवेदितानं डिस्क घेऊन घर गाठलं. आधी कॉपी, ती उघडून बघितली. मग तात्यांच्या लॅपटॉपवर, बॅटरी भरलेली ठेवून, मांडणी बदलली. ना लिंबू, ना आरती. बावीसच्या बावीस दिवस जागेवर.

दुसऱ्या दिवशी दोघं ललिताकडे गेले. मोडलेली यादी पुन्हा जुळवायला तात्यांना दुपार लागली. व्हिडिओतला आईचा आवाज ऐकल्यावर ललिताचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे माझ्यामुळं नव्हतं गेलं?”

चार महिने ती तेच धरून बसली होती.

निवेदिता आता भेटेल त्याला सांगते, आणि वाचणाऱ्यांनाही तिचं तेच सांगणं आहे: चमत्कार दिसला की फडकं उचलून बघा. कॉपी आजच काढा. आणि तुमच्या आळीत ‘तुझ्यामुळं झालं’ म्हणून कुणी बाई घरात बसली असेल, तर आधी तिच्याकडे जाऊन या.