सड्यार

"वाडीचं नाव टाइप करायचं आणि त्यावरून प्रोग्रामने टेबल शोधायचं, ही भानगड नको," यतीनने मला आधीच सांगितलं होतं. तो पुण्याहून आमचा प्रोग्राम तपासायला आला होता. "एकच टेबल कर, त्यात गाव-वाडीचा रकाना ठेव. उद्या कोणी बोंबील टाइप केलं तर बोंबलाचं टेबल काढशील?"

"काढीन, त्यात काय," मी म्हटलं. मला साडेपाचची एसटी गाठायची होती. कसालला माझी मुलगी सलोनी सासूबाईंजवळ होती, दहा महिन्यांची.

हे २००६ सालचं. ओरोसला एका खाजगी संस्थेत मी संगणकावर होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच द्यायचं संस्थेचं काम. टेबल म्हणजे आखलेली वही समजा. मी प्रत्येक वाडीची वेगळी वही केली होती. फॉर्मवर 'जामसंडे-सडा' असं असलं की ते टाइप करायचं, प्रोग्राम त्याच्या आधी 'यादी' जोडून त्या नावाची वही उघडायचा. नसली तर नवी काढायचा. ठिकाण वहीच्या नावातच, म्हणून आत गावाचा रकाना मी ठेवला नाही. टाइप झालेले फॉर्म फाडायचे, हा नियमही माझाच.

महिन्याच्या याद्या छापायला बेचाळीस नावं भिंतीवर चिकटवली होती. पाच महिन्यांनी बॅकअप घेताना मोजली तर वह्या त्रेचाळीस निघाल्या.

जास्तीची होती 'यादी_सड्यार'. आत एकच ओळ. सुभद्रा, वय ७१, एकटी. शेरा: उजव्या डोळ्याने दिसत नाही, दारात रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड. गोळ्या दिल्याची तारीख रिकामी.

फॉर्म भरणारी संचिता तोवर लग्न होऊन आंबोलीला गेली होती. तिला फोन केला.

"मी इचारलंय, खंय रवतास आजये? ती म्हणाली, सड्यार. तसाच लिवलंय."

"पण खंयच्या सड्यार?"

"त्या म्हयन्यात मी अकरा गावां फिरलंय गो."

सड्यार म्हणजे सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर. अकरा गावं आणि प्रत्येक गावाला आपला सडा. संस्थेच्या जीपने आम्ही जामसंड्यापासून सुरुवात केली. दोन सुभद्रा भेटल्या. दोघींचे दोन्ही डोळे शाबूत, एक तर चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होती. मग पावसाने वाटा बंद झाल्या, मग साहेबांनी जीप दुसऱ्या कामाला लावली.

मी घरी जात होते, जेवत होते, सलोनीची दुपटी वाळत घालत होते. ती झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे. बोटाला श्वास जाणवायचा. तरी थोड्या वेळाने परत बघायचे. रडू आलं नाही.

पुढे मी सगळ्यांचं एकच टेबल केलं, यतीन म्हणाला होता तसं. त्यात गाव-वाडीचा रकाना आहे. सुभद्राच्या ओळीत तो अजून कोरा आहे.

तुमच्या गावालाही सडा असेल. वर कधी गेलात आणि दारात रातांबा असलेलं घर दिसलं, तर तिच्या डाव्या बाजूने जा, म्हणजे तिला दिसाल. नाव विचारा. सुभद्रा असली तर गोळ्या मिळतात का, घेते का, एवढं बघून या.