शहाण्णव रेघांचा गुन्हा

मी एक जुना पितळी कोनमापक आहे, मित्रांनो. आकार पाव वर्तुळाचा, उंची दाराएवढी. ताऱ्यांची उंची मोजण्यात माझी हयात गेली. आता वस्तुसंग्रहालयात उभा आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. का, ते ऐका.

मला आकाशाचा अभ्यास करणाऱ्या एका भावाबहिणीने घडवलं. पाव वर्तुळात नव्वद अंश, म्हणून माझ्या कमानीवर नव्वद सारखे भाग हवे होते. बोलायला काय जातं! कंपासाने कमानीचे तीन सारखे भाग पडतात. प्रत्येकाचं निम्मंही अचूक होतं. पण त्या भागांचे पुन्हा तीन करायला गेलं की अंदाज आला, आणि अंदाजामागून चूक आलीच. भाऊ रेघा मारायचा, रात्री ताऱ्याकडे बघायचा, तारा भलतीकडेच. पुन्हा घास पितळ. त्याच्या आकड्यांवर जहाजं चालणार होती. आकडा चुकला तर माणसं बुडणार, या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी बहीण वैतागली. म्हणाली, “दादा, नव्वदचा हट्ट सोड. निम्मं करत करत जेवढे भाग होतील तेवढेच कर. त्यांचे अंश मी काढून देते.”

तिनाचे सहा, सहाचे बारा, असं करत शहाण्णव झाले. पहिल्याच रात्री तारा नेमका रेघेवर बसला. भाऊ खाली बसून लहान मुलासारखा रडला. पुढे माझ्या भरवशावर कितीतरी जहाजं सुखरूप घरी आली.

आणि परवा संग्रहालयाच्या बाईंनी माझ्या रेघा मोजल्या. शहाण्णव भरल्या. त्या हसल्या. जुन्या लोकांना साधं मोजताही येत नव्हतं म्हणे! त्यांनी कारागीर बोलावला. तो म्हणाला, “बाई, एकदा घासलं की परत येणार नाही हं.”

“येऊ नये म्हणूनच घासायचं.”

मला तोंड नाही. कानस फिरली.

मित्रांनो, तुम्हाला न कळलेली गोष्ट चुकीचीच असते, हा माज कुठून येतो? हत्यार उचलण्याआधी विचारायला काय झालं होतं? जुन्या वस्तूंना पॉलिश नको, निदान एवढी चौकशी तरी करा.

आता माझ्यावर कारागिराने अंदाजाने मारलेल्या नव्वद रेघा आहेत. छान दुरुस्त झाला, असं लोक म्हणतात. मधल्या रेघांपैकी बहुतेक जागेवर नाहीत.