सगळ्यात भरलेला ट्रे

पाहुणी येणार म्हटल्यावर साहेबांनी आधी भिंतींना रंग दिला आणि मग आम्हाला दम दिला.

"नदीपलीकडून बाई येतायत. तुलना करायला. त्यांचा कारखाना आणि आपला. कुणी तोंड उघडायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं आणि हसतमुख राहायचं."

तोंड न उघडता हसतमुख कसं राहायचं, असं रेडिओनं विचारलं. रेडिओ म्हणजे आमचा पॅकिंगवाला. त्याला बंद करायचं बटण देवानं दिलेलंच नाही. साहेबांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्यानं खोकी बांधायला लागला.

नदीच्या दोन्ही काठांवर एकाच मालकानं एकसारखे दोन कारखाने बांधले होते. मग एका देशाचे दोन देश झाले. आमच्या काठावर सरकार मालक झालं, त्यांच्या काठावर मालकच मालक राहिला. भाषा एक, यंत्रं एक, माल एक. बॉयलरवर बसतात ती दाब दाखवणारी मीटरं. आता दोन्ही सरकारांना कधी नव्हे ते एकमेकांशी बोलावंसं वाटलं आणि ठरलं की हे कारखाने शेजारी शेजारी ठेवून बघायचं, कुणाची पद्धत बरी. तिकडून एक बाई इकडे, इकडून एक साहेब तिकडे. आमच्यापैकी कुणाला पाठवावं असं अर्थातच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बाकी सगळा कारखाना खुशीत होता. आमची ओळ मात्र धास्तावली होती, आणि त्याचं कारण माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचं.

तबकडीवर काटा बसवणं हे आमच्या ओळीचं काम. चिमट्यानं काटा उचलायचा, खालच्या केसाएवढ्या स्प्रिंगला धक्का न लावता दांडीवर ठेवायचा आणि इवल्याशा हातोडीनं एकच टिचकी मारायची. हात हलला की स्प्रिंग वाकते आणि मीटर भंगारात जातं. हे मला काटेकाकांनी शिकवलं. ओळीतल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं, म्हणून तर ते काटेकाका. पगाराच्या दिवशी त्यांचं खरं नाव पुकारलं की आधी ते स्वतःच इकडेतिकडे बघतात.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांचे हात थरथरायला लागले. आधी थोडे, मग जास्त. आता तर काटा उचलेपर्यंतच तो दोनदा पडायचा.

आमच्याकडचा नियम सरळ आहे. कामावर आहात तोवर कारखान्याचं घर. नोकरीची वर्षं पुरी केलीत की ते घर मरेपर्यंत तुमचं. पण त्याआधीच रोजचा ठरलेला माल भरेना म्हणून अपात्र ठरलात, तर सरकार तुम्हाला रस्त्यावर टाकत नाही. अजिबात नाही. वृद्धाश्रमात खाट मिळते, जेवण मिळतं, औषध मिळतं, सगळं फुकट. फक्त पुरुषांचा आश्रम एका गावी आणि बायकांचा दुसऱ्या गावी, आणि मध्ये दिवसभराचा प्रवास. काकांची वर्षं पुरी व्हायला उन्हाळा उजाडायला हवा होता. घरी काकू अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना भरवणं, कूस बदलणं, केस विंचरणं, सगळं काकाच करतात. दुसऱ्या कुणाच्या हातचं काकू खातच नाहीत. मी एकदा वाटी घेऊन बसले होते, तर तोंड मिटून भिंतीकडे वळल्या. मला रागच आला होता, खरं सांगायचं तर.

म्हणून आम्ही मीटरं द्यायचो. प्रत्येकाच्या ट्रेत त्याचा पितळी बिल्ला असतो. ज्याचा बिल्ला त्याचा माल. जेवायला उठताना आपल्या ट्रेतलं एखादं मीटर काकांच्या ट्रेत सरकवायचं, बस. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काकाही बोलत नसत. दिवसभर काटे उचलत, ठेवत, आणि संध्याकाळी ट्रेकडे न बघता घरी जात.

पाहुणी आली ती मऊ चामड्याचे बूट घालून. ते बघून आमच्या निम्म्या बायकांचे हात थांबले. ती एका उंच स्टुलावर बसली, गळ्यात घड्याळ, हातात पेन्सिल, आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. वाईट नव्हती. जेवणाच्या सुट्टीत आमच्याच बाकावर येऊन बसली आणि रेडिओनं तिच्यावर प्रश्नांची सरबत्तीच केली.

"तुमच्याकडे म्हणे दुकानात गेलं की बूट लगेच मिळतात?"

"मिळतात. विकत घेता आले तर."

"आमच्याकडे घेता येतात, पण मिळत नाहीत," रेडिओ म्हणाला. सगळे हसले. साहेब सोडून.

"दवाखाना?" मी विचारलं.

"चांगला आहे. आधी खिसा तपासतात, मग नाडी." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे?"

"नाडी फुकट तपासतात. फक्त तुमचा नंबर लागेपर्यंत ती चालू राहायला हवी."

ती हसली, पण तिनं ते लिहूनही घेतलं. मग साहेब तिला रंगवलेल्या भिंती दाखवायला घेऊन गेले आणि आम्ही ओळीत परतलो. तेव्हाच घोटाळा झाला.

मला वाटलं, बाई एवढी कडक नजर ठेवून आहे, आज बाकीचे घाबरतील, काकांना कुणी काही देणार नाही. म्हणून मी माझ्या ट्रेतली ओंजळभर मीटरं त्यांच्या ट्रेत ठेवली. नेमकं हेच ओळीतल्या प्रत्येकाला वाटलं. प्रत्येकानं आपल्यापुरतं शहाणपण केलं, आणि कुणी कुणाला बोललं नाही, कारण बोलायचं नाही हीच आमची रीत होती.

संध्याकाळी पाहुणीनं ट्रे ओळीनं मांडायला लावले. काकांचा ट्रे सगळ्यात भरलेला निघाला. वर शीग लागली होती. शेजारी माझा ट्रे, एखाद्या शिकाऊ मुलीचा असावा तसा.

"हे कोण?" पाहुणीनं बिल्ला उचलला.

काका उभे राहिले. दोन्ही हात खिशात.

"या वयात? आमच्या काठावर असा एकही कारागीर नाही." तिच्या बोलण्यात खोट नव्हती, तेच जास्त वाईट होतं. "उद्या सकाळी मला फक्त यांचं काम बघायचंय. जवळून."

साहेबांची छाती फुगली. "अवश्य! हे आमचे सगळ्यात जुने."

बाहेर सायकलींच्या शेडमध्ये आम्ही एकमेकांवर तुटून पडलो. तू किती ठेवलीस, तुला कुणी सांगितलं होतं, अक्कल गहाण टाकली होती का. रेडिओ म्हणाला, काकांनी उद्या आजारी पडावं. मी म्हटलं, आजारी पडले की कारखान्याचा डॉक्टर येणार आणि आल्या आल्या हातच हातात घेणार. पुढे कुणाला काही सुचेना. काका तोवर सायकल काढून निघाले होते. आमचं भांडण त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी वळून पाहिलं नाही.

सकाळी पाहुणी स्टूल उचलून थेट आमच्या ओळीत आली. साहेब तिच्या मागे. ओळीतल्या कुणाचीच हातोडी वाजत नव्हती.

काकांनी चष्मा पुसला. चिमटा घेतला. काटा उचलला आणि तो टेबलावर पडला. पुन्हा उचलला. चिमट्याची टोकं तबकडीच्या काठावर टकटकत होती, सगळ्यांना ऐकू येईल अशी. काटा दांडीपर्यंत गेला, घसरला, आणि खालची स्प्रिंग वाकली. काकांनी ते मीटर बाजूला ठेवून दुसरं घेतलं. तेही गेलं. मी माझ्या मांडीला चिमटे काढत होते. वाटत होतं, आता उठावं आणि त्या बाईचं घड्याळ जमिनीवर आपटावं.

तिनंच ते बंद केलं. "राहू द्या," ती हळूच म्हणाली. "कालचा माल तुमचा नव्हता."

"नाही," काका म्हणाले. आवाज मात्र थरथरत नव्हता. "यांच्या ट्रेमधला. मी चोरायचो. हे जेवायला गेले की."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या माणसानं आयुष्यात कधी दुसऱ्याचा चिमटासुद्धा न विचारता उचलला नव्हता.

साहेबांचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू उजळला. चोर निघाला तर कारखान्यात खोट नाही, पद्धतीत खोट नाही, एक माणूस वाईट, बस. "लिहून घ्या," ते पाहुणीला म्हणाले. "चोरीला आमच्याकडे क्षमा नाही. आजच काढतो. उद्या घर रिकामं."

पाहुणीची पेन्सिल हलली नाही. "चोरणारा माणूस स्वतःला सगळ्यात वर नेऊन ठेवत नाही, साहेब. जेमतेम पुरेल एवढंच घेतो." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या त्या रिकाम्या ट्रेमुळेच असेल.

काकांनी मान हलवली. बोलू नकोस, असं त्यांना सांगायचं होतं. मला ते कळलं होतं. तरी मी उठले.

"आम्ही दिली. सगळ्यांनी. यांचे हात चालत नाहीत, गेल्या हिवाळ्यापासून. यांनी कधी मागितलं नाही."

"मीपण दिली," रेडिओ तिकडून ओरडला. त्याच्याकडे ट्रेच नसतो. मग ओळीतून एकेक जण उभा राहिला.

"म्हणजे सगळेच लबाड!" साहेब लाल झाले. "तुमचं नंतर बघतो. आणि हे अपात्र. संध्याकाळपर्यंत आश्रमात नाव जाईल."

माझं डोकं सणकलं. मी साहेबांना सोडलं आणि पाहुणीकडे वळले. "बाई, तुम्ही तुलना करायला आलात ना? मग करा. तुमच्याकडे यांचं काय झालं असतं?"

तिनं काकांकडे पाहिलं. "पहिल्याच आठवड्यात काढलं असतं. पाकीट हातात देऊन."

"बघा!" साहेब म्हणाले.

"मग हे कुठे गेले असते?"

"घरी. भाडं परवडेल तोवर."

"बायकोजवळ?"

"बायकोजवळ. पुढचं मला सांगता येणार नाही."

"आमच्याकडे दोघांनाही खाट मिळते," साहेब घाईनं म्हणाले. "जन्मभर! फुकट! हे लिहा."

"एकाच खोलीत?" पाहुणीनं विचारलं.

साहेब रंगवलेल्या भिंतीकडे बघायला लागले.

"एकाच गावात?" मी विचारलं. "सांगा की साहेब. काकू अंथरुणावर आहेत. यांच्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाहीत. त्यांना कुठल्या गावी पाठवणार आणि यांना कुठल्या, ते या बाईंना नीट सांगा, म्हणजे त्यांना लिहिता येईल."

पाहुणीनं वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन्सिल टेकवून थांबली. तिनं मुद्दामच केलं, हे मी पैजेवर सांगते. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. आमच्या नजरेची त्यांना कधीच फिकीर नव्हती. पण नदीपलीकडे हे वाचलं जाणार, आणि मग वरून विचारणा होणार, हे त्यांना पेलवणारं नव्हतं.

"आमच्याकडे," ते घसा खाकरून म्हणाले, "नवराबायकोला वेगळं करत नाहीत."

"म्हणजे यांचं घर राहील?" पाहुणीनं विचारलं.

"राहील."

"यांची वर्षं पुरी झाली असं धरून? आणि या सगळ्यांवर काही कारवाई नाही? लिहू?"

"लिहा."

तिनं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि साहेबांची सही घेतली. रेडिओनं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मला रडूच फुटलं. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या घराची किल्ली मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

त्या गडबडीत काका केव्हा उठले ते कळलंच नाही. मी धावत गेले तेव्हा ते फाटकापाशी पोचले होते, दोन्ही हात खिशात घालून.

"काका! घर राहिलं!"

"राहिलं," ते म्हणाले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "कशाला बोललीस, पोरी?"

"म्हणजे? तुम्हाला चोर ठरवत होते!"

"ठरवू दे की. चोराचे हात तरी चालतात. तू सगळ्यांसमोर सांगितलंस की माझे चालत नाहीत."

"पण काकूंचं काय झालं असतं?" मी चिडूनच विचारलं. त्यांचा रागच आला मला. एवढं करून वर हे.

ते रस्त्याकडे वळले.

"रोज रात्री भरवताना चमचा हलतो, तिच्या गळ्यावर सांडतं," ते म्हणाले. "ती म्हणते, दिवसभर एवढं बारीक काम करता, दमतात हो तुमचे हात. मग माझे हात हातात घेऊन चोळत बसते. आता उद्यापासून घरीच असणार मी. तिला काय सांगू, कशानं दमले म्हणून?"

आतून साहेबांचा आवाज येत होता, ते पाहुणीला चहाचा आग्रह करत होते. काकांनी फाटक ढकललं. एरवी ते कोपरानं ढकलायचे. आज माझ्यादेखत दोन्ही हात खिशातून काढून त्यांनी ते ढकललं, आणि घरी गेले.