बंद मोटरला तेल

"खोडरबर आणलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

बोर्डवाल्या बाई गुडघ्यावर बसून बॅगेची चेन उघडत होत्या. त्यांनी मान वर केली. "कशाला?"

"कशाला! बोर्ड बसवायला आलात आणि कशाला म्हणून मलाच विचारता? त्याच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या घासायला. घासल्याशिवाय बसतो होय बोर्ड?"

"नवा आहे हो तो. त्यात घासायचं काय?"

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. अशी माणसं आपल्याच नशिबी का येतात, हे ते त्या छताला गेली कित्येक वर्षं विचारत आले होते. छतानेही कधी उत्तर दिलं नव्हतं, पण निदान उलट प्रश्न तरी विचारला नव्हता.

डॉक्टर म्हणजे काही खरे डॉक्टर नव्हेत. कागदाच्या कारखान्यातले कंट्रोल रूमचे मेकॅनिक. पण त्या खोलीत एक माणसापेक्षा उंच लोखंडी कपाट होतं, कपाटात कॉम्प्युटर होता, आणि तो इतका जुना होता की ज्या कंपनीने तो बनवला ती केव्हाच बुडाली होती. त्याच्या तब्येतीची काळजी हे वाहायचे, म्हणून सगळा कारखाना त्यांना डॉक्टर म्हणायचा. दर सुट्टीच्या दिवशी कपाट उघडायचं, मेमरीचा लांबलचक बोर्ड दोन्ही हातांनी बाहेर काढायचा, त्याच्या पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने घासायच्या, उष्णतेने वर सरकलेल्या चिपा अंगठ्याने दाबून पुन्हा बसवायच्या. डॉक्टरांच्या अंगठ्याला त्यामुळे घट्टा पडला होता आणि त्या घट्ट्याचा त्यांना फार अभिमान होता.

निवृत्तीचं वय उलटलं तरी साहेब दरवर्षी त्यांना वर्षभर वाढवून द्यायचे, ते या अंगठ्यासाठी. या वर्षी मात्र साहेबांनी कुठूनतरी या बाईंना शोधून काढलं. बंद झालेल्या बोर्डांच्या जागी बसतील असे नवे बोर्ड बनवणारी त्यांची छोटीशी कंपनी होती. "हा चालला तर तुम्हीही आता आराम करा, डॉक्टर," साहेब म्हणाले होते, आणि तेही हसून. आराम म्हणजे काय, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकट्या बहिणीच्या घरात वरची खोली त्यांची. तिथे दिवसभर बसायचं आणि खालून जेवायची हाक कधी येते याची वाट बघायची. तेव्हा हा बोर्ड चालता कामा नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

बाईंनी बोर्ड बाहेर काढला. तळहाताएवढा, एका पट्टीवर बसवलेला.

"एवढासा?" डॉक्टरांना खरोखरच हसू फुटलं. "अहो, आमच्या बोर्डापुढे हा म्हणजे हत्तीच्या जागी उंदीर बांधला. घाम तरी फुटेल का याला?"

"नाही फुटत. हा गरमच होत नाही," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

हा त्यांचा स्वभावच डॉक्टरांना खटकत होता. टोमणा मारावा तर बाई त्याला माहिती समजून उत्तर देत.

इतक्यात दार ढकलून जावईबापू आले. जावईबापू म्हणजे बहिणीचे यजमान. याच कारखान्यात सुकवणीवर होते आणि ही नोकरी डॉक्टरांनीच लावून दिली होती. हे ते स्वतः कधी विसरले नाहीत आणि डॉक्टरांनी त्यांना विसरू दिलं नाही. गळ्यात टॉवेल, तोंड वर्षानुवर्षांच्या वाफेने लालबुंद.

"दादा, वाफ सोडू का हो?"

"जावईबापू, इथे ऑपरेशन चाललंय. बोलावलं की या. तोवर तुमचं चाक फिरवा."

"मशीन बंद आहे ना पण?"

"मग बंद मोटरला तेल घाला! तेवढं तर येतं ना?"

जावईबापू ओशाळं हसले आणि खरंच तेलाचं भांडं घ्यायला गेले. बाई वळून बघत राहिल्या.

"हे काय होतं?"

डॉक्टरांनी मोठ्या चवीने सांगितलं. ओला कागद गरम रुळांवर सुकतो, त्या रुळांत वाफ सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. पूर्वी तो मोटरवर चालायचा, कॉम्प्युटरच्या हुकमाने. मग कॉम्प्युटरचं वय झालं, मेमरी पुरेना, तेव्हा सुकवणी हाताने करायची ठरली आणि तिथे जावईबापूंना उभं केलं. काट्याकडे बघायचं आणि चाक फिरवायचं, थोडं इकडे, थोडं तिकडे, पाळी संपेपर्यंत. तेव्हा त्यांची मुलगी रांगत होती. आता ती नोकरी शोधते आहे. "आणि हा शहाणा अजून दर शनिवारी त्या बंद मोटरला तेल घालतो. वंगण भरतो, फडक्याने पुसतो. आता याला काय म्हणावं?"

"का घालतात?"

"डोकं लागतं हो कारण असायला."

बोर्ड खाचेत बसवून बाईंनी बटण दाबलं. पंखे घुरघुरले, पडद्यावर हिरवे आकडे धावले आणि थांबले. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"अर्धीच मेमरी दाखवतोय."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. तरी चेहऱ्यावर त्यांनी सहानुभूती आणली. "मी म्हटलं नव्हतं? अहो, जुनं खोड आहे ते. तुमच्या खेळण्यांना भीक घालणार नाही. बसवा आमचा बोर्ड परत, चहा घ्या आणि निघा."

बाईंनी जुना बोर्ड उचलला खरा, पण कपाटात न घालता बॅगेतल्या तपासणीच्या यंत्राला जोडला. यंत्रावर एकेक दिवा लागत गेला, शेवटपर्यंत.

"हा तर पूर्ण चांगला आहे," त्या म्हणाल्या. "एकही चिप गेलेली नाही. मग हासुद्धा अर्धाच वापरला जात होता?"

"असेल. मशीन जुनं आहे."

"मशीन जुनं झालं म्हणून आकडे अर्धे होत नाहीत." बाई जमिनीवर जवळजवळ आडव्या झाल्या. टॉर्च घेऊन त्यांनी कपाटाच्या अगदी तळाच्या बोर्डावर उजेड टाकला. तिथे तांदळाएवढ्या पांढऱ्या बटणांची ओळ होती. सगळी वर, एक खाली. "अहो डॉक्टर, हे खाली कुणी केलंय? या बटणाने कॉम्प्युटरला सांगून ठेवलंय, की वरच्या अर्ध्या मेमरीकडे बघूच नकोस."

डॉक्टरांचा अंगठा आपोआप मुठीत गेला.

त्यांनीच केलं होतं. दोन चिपा जळाल्या होत्या, बदली मिळत नव्हत्या, सगळा कारखाना ठप्प होता आणि साहेब डोक्यावर उभे होते. तेव्हा त्यांनी ते बटण खाली केलं. अर्धा कॉम्प्युटर आंधळा झाला, पण उरलेला सुरू झाला. सुकवणीच्या प्रोग्रामची जागा त्या आंधळ्या अर्ध्यात गेली. साहेबांनी सर्वांसमोर पाठ थोपटली आणि डॉक्टर ही पदवी त्याच दिवशी मिळाली. पुढे दुसरा एक कारखाना मोडीत निघाला, त्याच्या भंगारातून त्यांनी अस्साच एक चांगला बोर्ड आणून बसवला. बटण वर करायचं तेवढं राहिलं. आधी राहिलं, मग चालतंय ते चालू दे असं झालं, आणि त्यानंतर कॉम्प्युटरचं वय झालंय हे डॉक्टर इतक्यांना इतक्यांदा सांगत सुटले की त्यांना स्वतःलाही ते पटलं. इतकी वर्षं त्यांनी तो बोर्ड खोडरबराने लखलखीत घासला होता, आणि त्यातल्या अर्ध्याकडे कुणी बघतच नव्हतं.

बाईंनी नखाने बटण वर केलं. टक्. तेवढाच आवाज. मग त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

पंखे पुन्हा घुरघुरले. आकडे थांबले होते तिथून पुढे धावत गेले. पडद्यावर एक नवं पान उघडलं आणि त्यावर मथळा आला: सुकवणी.

त्याच क्षणी खालून आरोळी आली. "दादा! दादा, लवकर या! चाक फिरतंय!"

दोघं खाली धावले. साहेबही केबिनमधून आले. व्हॉल्व्हचं ते मोठं लोखंडी चाक एकटंच फिरत होतं. सुरू होताना मोटर व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघडून मिटून बघते, तसं ते उघडत होतं. कुठे अडत नव्हतं, करकर नव्हती. इतकी वर्षं बंद असलेली मोटर आदल्या दिवशी बसवल्यासारखी चालत होती.

"गंजली कशी नाही ही?" बाई पुटपुटल्या.

"तेल होतं ना," जावईबापू म्हणाले. "दादा म्हणाले होते, तात्पुरतं आहे, थोडे दिवस हाताने फिरव. म्हटलं, सुरू होईल तेव्हा अडायला नको."

साहेब अवाक होऊन चाकाकडे बघत होते. "हे कशामुळे झालं? मेमरी नव्हती ना आपल्याकडे? डॉक्टर?"

बाईंच्या हातात जुना बोर्ड तसाच होता. त्या डॉक्टरांकडे बघत होत्या. ती नजर डॉक्टरांनी बरोबर ओळखली, कारण ती त्यांचीच होती. सकाळपासून तीच त्यांनी बाईंवर वापरली होती आणि जावईबापूंवर तर जन्मभर. ती स्वतःच्या अंगावर येते तेव्हा कशी लागते, हे त्यांना आज कळलं.

खरं सांगावं तर जुना बोर्ड चांगला होता आणि बोट या घट्ट्याच्या अंगठ्याकडे जात होतं. न सांगावं तर नाव नव्या बोर्डाचं होणार आणि आपल्या नशिबी बहिणीकडची वरची खोली.

"नव्या बोर्डामुळे," डॉक्टर म्हणाले. "चांगला बोर्ड आहे, साहेब. आपला जुना... त्यात काही राम नव्हता. माझी आता गरज नाही इथे."

"बाई?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी जुना बोर्ड बॅगेत सरकवला. "ते म्हणतात तसं," एवढंच बोलून त्यांनी चेन ओढली. दया म्हणून नव्हे. असल्या माणसाशी वाद घालण्यात कोण वेळ घालवणार, अशा सुरात.

साहेब बाईंना घेऊन चहाला गेले. डॉक्टरांना कुणी बोलावलं नाही.

चाक पूर्ण उघडून आता उलटं फिरत होतं. जावईबापू त्याच्यापुढे उभे होते, आणि त्यांचा उजवा हात हवेतल्या हवेत त्याच्याबरोबर थोडा थोडा वळत होता. त्यांचं त्यांच्या हाताकडे लक्षही नव्हतं. डोळे पाण्याने भरले होते, आणि वाफ तर अजून सुटलीही नव्हती.

"बघा दादा," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाला होतात, तात्पुरतं आहे. घरी ही मला हसायची, म्हणायची, दादा विसरले असतील. मी म्हणायचो, दादा विसरायचे नाहीत."

डॉक्टरांनी घट्ट्याचा अंगठा पुन्हा मुठीत दडवला.

चाक मिटून थांबलं. जावईबापूंनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. चाक धरून धरून बोटं कायमची वाकली होती. तळवा खांद्यावर सपाट टेकत नव्हता.