हेवा वाटावा असा नवरा

थोरलीचं ऑफिस सुटलं की फाटकाबाहेर तिच्या नवऱ्याची गाडी उभी असायचीच. ऊन असो, पाऊस असो, दुकानात गिऱ्हाईक असो नसो. तो एका हाताने तिची पिशवी घ्यायचा, दुसऱ्या हाताने हेल्मेट पुढे करायचा आणि बसची वाट बघत ताटकळणाऱ्या बायका एकमेकींकडे बघून उसासे टाकायच्या. इमारतीत तर त्याचं नावच 'आदर्श' पडलं होतं. शेजारच्या काकू आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "नाहीतर आमच्याकडे. मी हरवले तर यांना थेट जेवायच्या वेळेला कळेल."

पण सगळ्यात जास्त जळायची ती तिची सख्खी धाकटी बहीण.

धाकटी दहावीत होती. तिच्या वर्गात एक साधा हिशोब होता: जिचा मित्र ती दुसऱ्या मुलाशी बोलली म्हणून रुसतो, तिचा भाव वर. एकीचा मित्र तर तिच्या फोनचा पासवर्डच मागून बसला होता आणि ती हे मधल्या सुट्टीत असं सांगत होती, जणू राज्यस्तरीय पदक मिळालंय. धाकटीसाठी जळणारं जगात कुणीच नव्हतं. त्यामुळे ताईच्या फोनवर "पोहोचलीस? फोटो पाठव" असं दिसलं की तिच्या छातीत बारीक कळ यायची. ताई मुकाट्याने आपल्या टेबलाचा, खिडकीचा, खुर्चीचा फोटो काढून पाठवायची. धाकटीला वाटायचं, अरेरे, इतकं सुख आणि चेहरा बघा हिचा.

आणि आई? लेकीच्या सुखाचा आईला हेवा वाटतो हे कुणी उघड बोलत नाही, पण वाटतो. आई दिवसभर मशीनवर बसून लोकांच्या विजारी आखूड करून द्यायची. थोरलीची भाड्याची खोली त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. जावई तिला घेऊन जिना चढताना दिसला की आईचा पाय मशीनच्या पायडलवर थबकायचा. धाकटीला ती एकदा म्हणाली होती, की तुझ्या बाबांनी अख्ख्या संसारात मी कुठे गेले होते असं एकदासुद्धा विचारलं नाही.

म्हणजे बघा, ज्याला त्याला त्या घरातलं काहीतरी हवं होतं. आत काय चाललंय हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आत हे चाललं होतं. फोनवर मागून एखाद्या पुरुषाचं हसणं ऐकू आलं, तर जावई त्या संध्याकाळी जेवायचा नाही. ओरडायचा नाही, मारायचा तर मुळीच नाही. नुसता ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून बसायचा, मग थोरली समजूत काढत बसायची. तिचा निळा कुर्ता त्याने कपाटाच्या तळाशी घातला. बाहेरगावच्या शिबिराला तिने जायचं नाही, हेही त्यानेच ठरवलं. तिच्या ऑफिसातले छायाचित्रकार काका निवृत्तीला आलेले, गुडघे धरून जिना चढणारे, पण त्यांचा फोन आला तरी नाव विचारायचा, आडनाव विचारायचा, आणि शेवटी तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणायचा, "तुझ्यावर विश्वास आहे गं. जगावर नाही."

आता गंमत अशी की थोरलीचं काम बायकांच्या हक्कांचंच होतं. अशाच एका संस्थेच्या प्रचार विभागात ती पोस्टरचा मजकूर लिहायची, रेडिओवरच्या छोट्या जाहिराती लिहायची. दुसऱ्यांच्या घरातलं दुःख कमीत कमी शब्दांत बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एके दिवशी नव्या मोहिमेची बैठक होती. संस्थेच्या मॅडम वैतागलेल्या होत्या. काळानिळा डोळा झालेल्या बाईचं चित्र पुरे झालं, त्या म्हणाल्या. ते बघून प्रत्येक जण म्हणतो, आमच्याकडे असलं काही नाही, आणि निवांत पुढे जातो. मार न खाता मेलेल्या मनाचं पोस्टर कुणी करेल का? मग टेबलाभोवती बसलेल्या बायकांनी घरात रोज ऐकू येणारी वाक्यं सांगायला सुरुवात केली. आधी हसत, मग हसू ओसरत गेलं. थोरलीची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडून ते वाक्य निसटलं. मॅडमनी नुसतं विचारलं, "हेच घेऊ या?" थोरलीने मान हलवली. ते वाक्य कुणाचं, हे बाहेर कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

महिनाअखेरीस पोस्टर लागली. पांढऱ्यावर काळी, भलीमोठी अक्षरं: 'तुझ्यावर विश्वास आहे गं. जगावर नाही.' खाली बारीक ओळ: 'हे तुमच्या घरात कोण बोलतं?'

जावई चष्म्याच्या दुकानात काम करायचा. आणि दुकानाच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर त्यातलं एक पोस्टर लागलं, हे काही कुणी मुद्दाम केलं नव्हतं. नवा चष्मा डोळ्यांवर चढवला की गिऱ्हाईक काय करतं? दारात जाऊन लांबचं काहीतरी वाचून बघतं. झालं. सकाळपासून माणसं त्याच्यासमोर उभी राहून त्याचंच वाक्य मोठ्याने वाचू लागली. एका आजोबांनी दोनदा वाचलं आणि यात वाईट काय, म्हणून त्यालाच विचारलं. एक बाई वाचता वाचता अडखळली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर आमच्या ह्यांचंच." तिची फ्रेम घट्ट करताना त्याच्या हातातून स्क्रू निसटला.

तुम्हाला वाटेल, त्याला लाज वाटली असेल. छे. त्याच्या मनात एकच प्रश्न वळवळत होता: हे तिने कुणाला सांगितलं? कुणासमोर बसून, कुणाच्या डोळ्यांत बघून? त्याला त्या वाक्याचा राग आला नव्हता, ते ऐकून घेणाऱ्याचा हेवा वाटत होता.

संध्याकाळी तो थोरलीला घेऊन वर न जाता आईकडेच आला. आईने लगबगीने कापडांचे तुकडे बाजूला सारून त्याला खुर्ची दिली. धाकटी अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून कान टवकारून बसली. त्याने चहा घेतला, कप खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

थोरली म्हणाली, की बैठकीत सगळ्या बायकाच होत्या. त्याने फक्त मान हलवली. मग आईकडे वळून सांगू लागला, की हिला त्या नोकरीचा फार ताण होतो, झोपेत दचकते. म्हणून हिचं ओझं आपण उतरवलंय. दुपारी आपण डबा घेऊन हिच्या ऑफिसात गेलो होतो, ही हात धुवायला उठली तेव्हा हिच्याच फोनवरून मॅडमना निरोप पाठवला, उद्यापासून येत नाही म्हणून.

"बघ," आई थोरलीला म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं, तसंच काहीतरी आंबटही होतं, "इतकी काळजी कुणी केली असती गं माझी, तर मी ही विजारींची रास कशाला उपसली असती?"

थोरलीने त्याचा रिकामा कप आपल्याकडे ओढला. स्वतःसाठी भांडायचं ती केव्हाच विसरली होती. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाची समजूत काढून ती थकली होती.

पण जावयाला आज कर्तेपणाचा उमाळा आला होता. तो धाकटीकडे बघून प्रेमाने हसला. म्हणाला, "आणि हिच्याकडेही लक्ष द्यायला हवं. परवा शाळेसमोर दोन मुलांशी बोलत उभी होतीस ना? मी पलीकडूनच बघत होतो. उद्यापासून शाळेत मी सोडीन. फोन दे बरं इकडे, पासवर्ड सांग."

ज्याच्यासाठी धाकटी इतके दिवस जळत होती, तेच आता तिच्यासमोर हात पुढे करून बसलं होतं. कुणीतरी लपून आपल्याकडे बघत होतं. त्या दोन मुलांशी ती विज्ञानाच्या प्रयोगाबद्दल बोलत होती, पण आता तिला आठवेना की आपण हसलो होतो का, आणि हसलो असू तर किती. तिने फोन पुस्तकाखाली सरकवला आणि ताईकडे पाहिलं.

तेव्हा थोरली उठली.

"तिच्या फोनला हात लावायचा नाही," ती म्हणाली. मग आपला फोन घेऊन तिने सगळ्यांसमोर मॅडमना लावला. "मॅडम, दुपारचा निरोप माझा नव्हता. मी उद्या येतेय. आणि हो, ते वाक्य माझ्या नवऱ्याचं आहे. कुणी विचारलं तर सांगितलं तरी चालेल."

जावई पांढराफटक पडला. तो म्हणाला, आता लगेच माझ्याबरोबर वर चल. ती म्हणाली, येत नाही. मग तो बाहेर गेला आणि बरोब्बर दारासमोर जिन्याच्या पायरीवर बसला. ओरडला नाही, काही नाही. नुसता बसला, दाराकडे बघत.

आणि इमारत हळहळू लागली. वरून कुणीतरी डोकावलं, खालून कुणीतरी आलं. दारं किलकिली झाली. बायका कुजबुजत होत्या, असा नवरा पायरीवर बसवून ठेवते म्हणजे काय. शेवटी काकूंनी दार वाजवून आईला बाहेर बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"अहो, मुलीला समजवा. किती वेळचा वाट बघतोय बिचारा."

आईने पायरीकडे पाहिलं. तिच्यासाठी कधीच कुणी असं बसलं नव्हतं. तिच्या मनात तो जुना हेवा उसळून वर आला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने मागे वळून पाहिलं. थोरली पंख्याखाली घामाने डबडबलेली, आणि धाकटी तिच्या पाठीमागे, फोन छातीशी धरून, दाराच्या फटीतून आत येणारी त्या माणसाची नजर चुकवत.

"वाट नाही बघत," आई म्हणाली. "पहारा देतोय. माझी लेक इथेच राहणार. तुम्हाला फारच दया येत असेल काकू, तर तुमच्याकडे खुर्ची आहे, ती द्या त्याला."

आणि तिने दार लावून घेतलं.

यानंतर सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. नातेवाईक येतात, मध्यस्थी करतात, एवढ्याशा वाक्यावरून संसार मोडतात का, असं विचारतात. थोरली त्यांना चहा देते आणि दुसऱ्या दिवशी बसने ऑफिसला जाते. बसमध्ये तिच्यावर जळणारं आता कुणी नाही.

पण तुमच्या ओळखीतही अशी एखादी असेलच, जिच्याकडे बघून तुम्ही उसासा टाकता. पुढच्या वेळी हेवा करण्याआधी तिला बाजूला घ्या आणि एवढंच विचारा: घरी जायला उशीर झाला की तुला आधी काय आठवतं, भूक की भीती? आणि तिने उत्तर द्यायला वेळ लावला, तर तिथून हलू नका.