खंडेनवमीचा फोटो

गिल्ख्रिस्टसाहेब निवडणुकीत सपाटून आपटले. आपटू देत! माझ्या लेखी तो माणूस जिंकलेलाच आहे.

स्कॉटलंडहून साधा फिटर म्हणून सिंगापूरला आलेला. जुरॉंगला जहाजांचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप काढलं, नावारूपाला आणलं आणि शहाण्णव साली, पन्नाशी उलटल्यावर, राजकारणाचं खूळ डोक्यात घेतलं. तिकडच्या, परंपरा जपणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं तिकीटही मिळवलं. आता ते मायदेशी गेल्यावर इथे मॅनेजर कोण? एक तर मी, मधुवंती, पुण्याची मेकॅनिकल इंजिनियर, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली; नाहीतर लंडनहून येऊ घातलेला कुणीतरी. खुर्ची मला हवी होती. हवी होती म्हणजे हवीच होती, उगाच लाजायचं कशाला?

ऐन खंडेनवमीला पक्षाचा माणूस फोटोग्राफर घेऊन हजर! आमच्याकडे त्या दिवशी झाडून सगळी हत्यारं पुसून, हळदकुंकू लावून, फुलं वाहून मांडलेली असतात. दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमची निम्मी माणसं रत्नागिरीकडची, त्यामुळे ही प्रथा मीच साहेबांना विचारून सुरू केली होती.

"प्रचाराच्या पत्रकावर फोटो हवाय. बाह्या सरसावलेल्या, हातात मोठा पाना," पाहुणा म्हणाला आणि सरळ पूजेतल्या पान्याकडे निघाला.

"अहो, हात लावू नका!" मी ओरडलेच. आमचा फिटर मनोहर कानाशी कुजबुजला, "बाई, गप्प बसा, खुर्ची जाईल." पण माझं डोकं फिरलं होतं. "आज हत्यारांची पूजा आहे. उद्या या."

"आज रात्री माझं विमान आहे." तो साहेबांकडे वळला. "तुमच्या वर्कशॉपमध्ये हुकूम कुणाचा चालतो?"

गेली खुर्ची, म्हटलं.

साहेबांनी शांतपणे बूट काढले आणि पूजेशेजारी येऊन उभे राहिले. "असाच काढा फोटो. चालत आलेली रीत मोडू नका, हेच मी तिकडे लोकांना सांगत फिरणार. आणि सुरुवात इथली रीत मोडून करू?"

"रिकाम्या हाताच्या माणसाला मत कोण देईल?"

"नाही दिलं तर नाही दिलं."

फोटो निघाला. पाहुणा फणफणत गेला. साहेब बूट चढवता चढवता म्हणाले, "मधुवंती, लंडनच्या त्या माणसाला येऊ नको म्हणून कळवतो."

"का?" मी विचारलं.

"त्यानं मला तो पाना उचलून दिला असता."