दोनशे छप्पनची पायरी

देवळी रस्त्यावरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाच्या खोलीला देव्हाऱ्याचा मान होता. चपला बाहेर, यंत्रांवर कापडी खोळी, दसऱ्याला प्रत्येक पडद्याला हळदकुंकू. शिपाई रामाजी दाराशी बसून लोकांचे पाय बघायचा. शहाण्णव साली आलेल्या त्या वीस यंत्रांचं झाकण दोन वर्षांत कुणी उघडलं नव्हतं, कारण मागे कागदी सील होतं आणि सील फाटलं की गॅरंटी गेली. विभागप्रमुख प्रभाकररावांनी यंत्रं तपासून घेतली होती म्हणे. तपासली म्हणजे काय, तर बटण दाबलं, पडद्यावर '२५६ केबी कॅश' अशी पांढरी अक्षरं उमटली, आणि साहेबांनी सुपारी कातरता कातरता सही ठोकली. वाचण्याचे कष्ट त्या माणसाने जन्मात घेतले नव्हते.

पौर्णिमा थूल तिथे तात्पुरती लेक्चरर होती आणि याच माणसाच्या हाताखाली एम.ई.चा प्रबंध लिहीत होती. जूनपर्यंत पदवी हाती आली नाही तर नोकरी जाणार, हे तिला लेखी कळवलेलं होतं.

विषय तिच्या आवडीचा. प्रोसेसर झपाट्याने काम उरकतो, पण माल असतो दूरच्या मेमरीत, आणि तो येईपर्यंत हा हात चोळत बसतो. म्हणून जवळ छोटी, वेगवान कॅश मेमरी ठेवायची. "चिमूटभर मिठासाठी दर वेळी देवळीच्या बाजारात कोणी जात नाही, चुलीपाशी डबा असतो," असं ती पोरांना सांगायची. एका खेपेत किती आणायचं, हा तिचा प्रश्न होता. थोडं आणलं तर खेपा वाढतात. भरमसाट आणलं तर रस्ता अडतो आणि डबा नको त्या मालाने भरतो.

तिने वेळ मोजणारा प्रोग्राम लिहिला. आठ केबीपर्यंत, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या कॅशपुरतं, यंत्र पळालं. मग एकदम मंदावलं, आलेखात एक पायरी आली आणि पुढे तो सपाट. खरं तर तिथून दोनशे छप्पनपर्यंत प्रोसेसरच्या बाहेर बसवलेल्या दुसऱ्या, मोठ्या कॅशने हात द्यायचा आणि मग दुसरी पायरी यायची. विसांपैकी एकाही यंत्रावर ती आली नाही. शेवटी तिने बाहेरची कॅश सेटिंगमधून बंदच करून पाहिली. वेळेत तिळाचाही फरक पडला नाही. चुलीपाशी डबा नव्हताच, नुसती पाटी होती.

तिने हे सांगितलं तेव्हा प्रभाकररावांनी अडकित्त्यावरून नजरही उचलली नाही.

"पडद्यावर दोनशे छप्पन लिहून येते न? मंग? पुस्तकात पायरी हाय, तुमच्यात काऊन नाई? गणित कच्चं हाय तुमचं, मॅडम. सवलतीवर आलेल्यायचं असंच राह्यते. पायरी काढून आणा, मी सही करतो."

तिचे कान रागाने तापले. पण या माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती तडक खोलीत गेली, एका यंत्राचं सील फाडलं आणि कॅशची म्हणून बसवलेली एक चिप उचकटून रुमालात बांधली.

"मॅडम, गॅरंटी गेली न," रामाजी दारातून म्हणाला.

"कशाची, रामाजी?"

रामाजी वाकून सीलचे कपटे वेचू लागला.

आठवड्याने तिने प्रबंध समोर ठेवला. आलेखाच्या पानावर पुस्तकातली पायरी ठळक काढली होती. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: हा पुस्तकातला आलेख. या विभागाच्या यंत्रांवर असा मिळत नाही, कारण त्यांत बाहेरची कॅशच नाही. खरा, सपाट आलेख मागच्या पानावर होता. ओळ वाचली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. प्रभाकररावांनी पायरी पाहिली, "आता जमलं," म्हणाले आणि सही केली.

तोंडी परीक्षा संगणकाच्या खोलीतच झाली. नागपूरचे परीक्षक सदाशिवराव ओळीखाली बोट धरून वाचणारे निघाले. ते बोट त्या ओळीवर थांबलं.

"प्रभाकरराव, हे तपासलंय तुम्ही?"

"हो तर. ओळ न् ओळ."

"म्हणजे यंत्रांत कॅश नाही, हे तुम्हाला मान्य आहे."

प्रभाकररावांनी पान ओढून घेतलं आणि आपण सही केलेला मजकूर आयुष्यात पहिल्यांदा वाचला. पौर्णिमाने रुमाल सोडला. टेबलावरचा त्यांचाच अडकित्ता उचलून चिपवर जोर लावला. दोन तुकडे झाले. आत भरीव काळं प्लास्टिक होतं, बाकी काही नाही. धातूचे पाय जेमतेम आत शिरून संपले होते.

"सील कोणं तोडलं?" प्रभाकररावांनी विचारलं. एवढंच सुचलं त्यांना.

सदाशिवरावांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. 'उत्तीर्ण' लिहून त्यांनी सही केली आणि प्रबंध पौर्णिमाच्या हातात दिला.

रामाजी चहा घेऊन आला. त्याने ते तुकडे निरखून पाहिले, साहेबांकडे पाहिलं आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने तो साखर घेऊन परत आला तेव्हा त्याच्या पायांत चपला होत्या.